हॉलसाठी प्रोजेक्टर घेताय? "४के सपोर्ट" सोडा, नेटिव्ह रिझॉल्युशन बघा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "इंदिरानगरला फ्लॅट घेतलाय, हॉल १४ बाय ११ फूट. भिंतीवर १०० इंच चित्र पाहिजे. रात्री मॅच आणि पिक्चर, आणि दुपारी बायको आठवी-नववीच्या मुलांची ट्यूशन घेते, ती पण ह्याच हॉलमध्ये. बजेट ३० हजार. ऑनलाइन एक दिसतोय, त्यावर ४के सपोर्ट लिहिलंय आणि १० हजारांच्या आत आहे. दुसरा फुल एचडी, तो बजेटमध्ये जेमतेम बसतो. तिसरा एम. जी. रोडच्या एका दुकानात ऑफिसातून निघालेला जुना एक्सजीए. ४के इतका स्वस्त मिळत असताना फुल एचडी कशाला घ्यायचा?"

भाऊ, नाशकात क्लासेस, सोसायटीचे हॉल, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या ट्रेनिंग रूम अशा ठिकाणी प्रोजेक्टर बसवायचं माझं काम आहे आणि ह्या "सपोर्ट"पायी चांगल्या चांगल्या लोकांचे पैसे गेलेले मी बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुम्ही ४के की फुल एचडी असं विचारलंय, पण तुमच्या यादीत ४के प्रोजेक्टर नाहीच. १० हजारांवाला जो आहे तो ४के नाही. त्यामुळे प्रश्न असा धरू की १०० इंचाच्या चित्रात तुम्हाला आणि ट्यूशनच्या मुलांना खरे ठिपके (पिक्सेल) किती लागतात आणि ते ३० हजारांत मिळतात का. आणि एक आधीच सांगून ठेवतो, तुमच्या घरी रिझॉल्युशन काय पाहिजे हे मॅच आणि पिक्चरवरून ठरत नाही, वहिनींच्या ट्यूशनवरून ठरतं.

प्रोजेक्टरच्या आत एक छोटंसं पॅनेल असतं. एलसीडी असेल तर त्यात बारीक खिडक्या असतात, डीएलपी असेल तर बारीक आरसे, आणि त्यांची संख्या कारखान्यातच पक्की झालेली असते. तेच नेटिव्ह रिझॉल्युशन. भिंतीवर जे दिसणार ते तेवढ्याच ठिपक्यांतून. सपोर्ट म्हणजे फक्त एवढंच की ४के ची फाइल किंवा सिग्नल दिला तर मशीन "नो सिग्नल" न दाखवता तो आत घेतं आणि आपल्या पॅनेलच्या मापाला छोटा करून दाखवतं. टाकीभर पाणी तांब्यात ओतलं तरी तांब्यात तांब्याएवढंच मावणार. त्या ऑनलाइनवाल्याचं पान पुन्हा उघडा, खाली स्पेसिफिकेशनमध्ये जा, नेटिव्ह किंवा फिजिकल रिझॉल्युशन असं काहीतरी असेल. ह्या किमतीला तिथे बहुतेक १२८० बाय ७२० निघतं, कधी ८०० बाय ४८० सुद्धा. आणि नेटिव्हचा आकडा कुठेच दिलेला नसेल तर तो प्रोजेक्टर घेऊ नका, ज्याच्याकडे दाखवायला चांगला आकडा असतो तो लपवत नाही.

आकडे समोर ठेवतो म्हणजे अंदाज येईल. ८०० बाय ४८० म्हणजे ३.८४ लाख ठिपके. एक्सजीए, १०२४ बाय ७६८, म्हणजे ७.८६ लाख. १२८० बाय ७२० म्हणजे ९.२ लाख. फुल एचडी, १९२० बाय १०८०, म्हणजे २०.७ लाख, आणि खरं ४के, ३८४० बाय २१६०, जवळपास ८३ लाख. म्हणजे १० हजारांवाल्या "४के"मध्ये फुल एचडीच्या निम्मे सुद्धा ठिपके नाहीत.

दुकानदार म्हणेल की लॅपटॉप जोडून बघा, डिस्प्ले सेटिंगमध्ये १९२० बाय १०८० येतंय की नाही. त्यावर विश्वास ठेवू नका. लॅपटॉपला ते प्रोजेक्टरच सांगतो, आणि बरेच स्वस्त प्रोजेक्टर आपलं खरं पॅनेल न सांगता आपण काय घेऊ शकतो तेच सांगतात. त्यापेक्षा पट्टी घेऊन जा, शाळेच्या कंपासमधली साधी पट्टी. चित्र १०० इंच करायला सांगा, हे इंच तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात, म्हणजे रुंदी सव्वासात फूट भरली पाहिजे, ती टेपने मोजा. मग पूर्ण पांढरी स्क्रीन लावायची, फोकस नीट करायचा, कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र सरळ करायची सोय) बंद, आणि भिंतीला अगदी नाक लावून पट्टी आडवी धरायची. पांढऱ्यात बारीक जाळी दिसते, एकेक चौकोन म्हणजे एकेक ठिपका. दोन सेंटिमीटरमध्ये किती चौकोन येतात ते मोजा. फुल एचडी असेल तर १७ येतात, ७२०वाला असेल तर ११-१२, आणि ८००वाला असेल तर जेमतेम ७. मोजताना डोळे दुखत असतील तर मोबाइलने जवळून फोटो काढा आणि मोठा करून मोजा. स्वस्त एलसीडीमध्ये बऱ्याचदा लाल-हिरव्या-निळ्या उभ्या पट्ट्या दिसतात, तिथे तीन पट्ट्या मिळून एक ठिपका धरायचा, नाहीतर तिप्पट मोजाल आणि खूश होऊन घरी याल. ह्या दोन सेंटिमीटरपुढे कुठलीही जाहिरात टिकत नाही.

आता अंतर. इथे मात्र एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही, कोण किती लांब बसतो आणि डोळे कसे आहेत त्यावर ते आहे. पण एक हिशोब मी कायम वापरतो. चांगली नजर साधारण एक मिनिट कोनाएवढं बारीक वेगळं ओळखू शकते, कोन-बिन सोडून द्या, सोपं करून सांगायचं तर जेवढ्या फुटांवर बसता त्याला ११ ने भागा, जे येईल तेवढ्या मिलिमीटरपेक्षा ठिपका बारीक असेल तर तो तुम्हाला वेगळा दिसत नाही. तुमचा सोफा मागच्या भिंतीला असेल तर डोळे पडद्यापासून ११-१२ फुटांवर येतील, म्हणजे तुमची हद्द झाली १ मिलिमीटर. आणि १०० इंचाचं चित्र म्हणजे २२१४ मिलिमीटर रुंद, त्याला आडव्या ठिपक्यांनी भागा. फुल एचडीचा ठिपका १.१५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर हद्दीवर. ७२०चा १.७३, हा कळतो, चेहऱ्याच्या कडेला आणि स्कोअरच्या पट्टीत पायऱ्या दिसतात. ८००वाल्याचा पावणेतीन मिलिमीटर, तो तर जाळीतून बघितल्यासारखाच. आणि ४केचा ०.५८, जो तुम्हाला सोफ्यावरून दिसणारच नाही. ४केचा पूर्ण फायदा १०० इंचावर साडेसहा फुटांच्या आत बसलात तर. तेवढ्या जवळ घरात कोणी बसत नाही, मान दुखते. थोडाफार फरक ११ फुटांवरूनही तीक्ष्ण नजरेच्या माणसाला जाणवेल, नाही असं म्हणत नाही, पण त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे घालण्याएवढा तो नाही. तुमचं चित्र १५० इंच असतं किंवा बसायची जागा ७ फुटांवर असती तर मी वेगळं सांगितलं असतं.

आता ट्यूशनचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे कारण इथे मुलांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. पिक्चरमध्ये चित्र हलत असतं, कडा मुळातच मऊ असतात, कॅमेऱ्याच्या फोकसबाहेरचा भाग धूसर असतो, त्यामुळे ७२०सुद्धा लांबून चालून जातं आणि मॅचमध्ये तर बॉलकडेच लक्ष असतं. अक्षराला तसं चालत नाही. पांढऱ्यावर काळं, कडक कडा, आणि आपली देवनागरी तर वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षर असं दोन्ही बाजूंनी भरलेली. लॅपटॉपवर साध्या मापाच्या अक्षरात अनुस्वाराचा टिंब दोन-तीन ठिपक्यांचा असतो. १९२०चा सिग्नल जेव्हा १२८०च्या पॅनेलमध्ये दाबला जातो तेव्हा तीन ठिपक्यांचे दोन होतात, तो टिंब राखाडी होऊन शिरोरेषेला चिकटतो. "कीर्तन", "दुर्गंधी", "उद्ध्वस्त", "ज्येष्ठ" असे शब्द घेऊन बघा, रफार आणि वेलांटी एकमेकांत जाते, द्ध चा नुसता डाग होतो. गणितात तर अजून अवघड, घातांक २ आहे की ३ आहे ते मागच्या मुलाला कळत नाही आणि तो विचारायला लाजतो. मी क्लासवाल्यांना म्हणूनच म्हणतो की पिक्चर दाखवून प्रोजेक्टर विकत घेऊ नका, वर्कशीट दाखवून घ्या.

म्हणजे आत्तापर्यंत एवढं झालं: तुमच्या हॉलला नेटिव्ह फुल एचडी हे बरोबर माप आहे, ४के नजरेच्या पलीकडे जातं आणि ७२० अक्षराला कमी पडतं.

एम. जी. रोडच्या एक्सजीएबद्दल लोक लगेच जुनाट म्हणून नाक मुरडतात, मी तसं करणार नाही. तो ४:३ आकाराचा आहे, म्हणजे चौकोनी. त्यावर पिक्चर लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि ७६८पैकी ५७६ ओळीच वापरात राहतात, चौथा हिस्सा वाया. पिक्चरसाठी म्हणून तो मी घेणार नाही. पण ऑफिसवाले प्रोजेक्टर उजेडाला दमदार असतात, ३००० ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) आसपासचे, आणि तो त्याचा आकडा बहुतेक खरा असतो. नुसत्या ट्यूशनसाठी, लॅपटॉप १०२४ बाय ७६८ ला ठेवून, अक्षर मोठं करून वापरला तर त्या खोट्या ४केपेक्षा हा शंभर टक्के बरा. फक्त मेनूमध्ये लॅम्प अवर्स, म्हणजे दिवा किती तास जळालाय ते बघा, नवीन लॅम्पची किंमत आधी विचारून घ्या, आणि पांढऱ्या स्क्रीनवर कुठे पिवळा-निळा पट्टा किंवा न विझणारे पांढरे ठिपके दिसतात का ते बघा. पिवळेपणा म्हणजे आतलं पॅनेल जळत चाललंय आणि ठिपके म्हणजे डीएलपीचे आरसे अडकलेत, दोन्हीची दुरुस्ती परवडत नाही.

खऱ्या ४केबद्दल दोन शब्द, कारण पुढे कधी घ्याल. घरगुती ४के डीएलपीमध्ये बहुतेक वेळा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ०.४७ इंची चिप असते. तिच्यावर आरसे १९२० बाय १०८०च आहेत, पण प्रत्येक फ्रेम चार वेळा किंचित सरकवून इतक्या वेगाने दाखवतात की भिंतीवर ८३ लाख ठिपके पडतात. एप्सनच्या काही मॉडेलमध्ये हेच सरकवणं दोनदा होतं, म्हणजे त्याच्या निम्मे. ह्याला मी फसवणूक म्हणत नाही, जास्तीची माहिती खरोखर भिंतीवर येते आणि फुल एचडीपेक्षा चांगलं दिसतं. पॅनेलवरच पूर्ण ४के ठिपके असलेले सोनी आणि जेव्हीसीचे येतात, ते कित्येक लाखांचे. "सपोर्ट"वाला ह्या दोन्हींत बसत नाही.

आता घेतलेलं रिझॉल्युशन घरी आणून कसं घालवतात ते सांगतो, हे फार होतं. पहिलं कीस्टोन. प्रोजेक्टर बाजूला टीपॉयवर तिरका ठेवायचा आणि ऑटो कीस्टोनने चौकोन सरळ करून घ्यायचा. तो सरळ होतो म्हणजे काय होतं, तर पॅनेलच्या आतच चित्र आखडून बसवलं जातं आणि कडेचे ठिपके काळे पडून राहतात. रुंदी-उंची दोन्ही ८० टक्क्यांवर आली तर १९२० बाय १०८० चं १५३६ बाय ८६४ झालं, म्हणजे ठिपके ६४ टक्केच उरले, वर अक्षरं मोडतोड होऊन येतात ते वेगळंच. प्रोजेक्टर पडद्याच्या मधोमध, लेन्स बरोबर समोर, आणि कीस्टोन शून्य. जागा अशी करा की त्याची गरजच पडू नये.

दुसरं म्हणजे लॅपटॉपचं डुप्लिकेट मोड. लॅपटॉपची स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची असेल तर डुप्लिकेटमध्ये प्रोजेक्टरलाही तेच जातं आणि प्रोजेक्टर ते ताणून १९२० करतो, अक्षर लगेच मऊ पडतं, मग वहिनी म्हणतील फुल एचडी घेऊन काय उपयोग. विंडोजचं बटण आणि पी दाबा, एक्स्टेंड किंवा सेकंड स्क्रीन ओन्ली करा आणि त्या स्क्रीनला १९२० बाय १०८० द्या. एवढ्यावर निम्म्या क्लासेसच्या तक्रारी मिटलेल्या आहेत. आणि ट्यूशनला केबल वापरा, मोबाइलवरून कास्ट करू नका, कास्टमध्ये चित्र दाबून पाठवलं जातं आणि बारीक अक्षराची वाट लागते.

तिसरं, प्रोजेक्टरच्या आतली अॅप. स्वस्त अँड्रॉइड प्रोजेक्टरला ओटीटीवाल्यांचं सर्टिफिकेशन नसतं, मग काही अॅप त्यावर एसडीच देतात, ४८०च्या आसपास. पॅनेल फुल एचडी, पैसे फुल एचडीचे आणि चित्र डीव्हीडीसारखं. एक फायर टीव्ही स्टिक एचडीएमआयला लावली की प्रश्न मिटतो, ती बजेटमध्ये धरून चला. सेट-टॉप बॉक्स असेल तर स्पोर्ट्सचं एचडी चॅनेल घ्या, एसडी चॅनेल १०० इंचावर बघवत नाही, मग पॅनेल कुठलंही असो.

लेन्सही बघाच. ह्या किमतीत प्लास्टिकची लेन्स असू शकते, मध्ये फोकस केला की कोपरे धूसर आणि कोपरे केले की मधलं गेलं. नेटिव्ह १०८० असूनही अक्षर धूसर दिसलं तर दोष बहुतेक लेन्सचा. दुकानात चारही कोपऱ्यांत आणि मध्ये एकाच मापाचं अक्षर टाकून बघा.

उजेडाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ट्यूशन दुपारी आहे म्हणून सांगावंच लागेल. १०० इंचाचा पडदा म्हणजे ३० चौरस फूट. पूर्ण काळोखात त्याला ५०० खरे ल्युमेन पुरतात, थिएटरच्या पडद्याएवढा उजेड होतो. दुपारी पडदे ओढून एक ट्यूबलाइट चालू असेल, आणि मुलांना वहीत लिहायचंय म्हणजे ती असणारच, तर २५०० ते ३००० लागतात. ३० हजारांत नवा नेटिव्ह फुल एचडी एलईडी प्रोजेक्टर घेतला तर तो तेवढा उजेड देणार नाही, हे आत्ताच मान्य करून घ्या. बॉक्सवर १२००० ल्युमेन लिहिलेलं असेल तर ते सोडून द्या, एएनएसआय किंवा आयएसओ (ठरलेल्या पद्धतीने मोजलेले) ल्युमेन असा आकडा कुठे दिलाय का तो शोधा, आणि तो जितका जास्त मिळेल तितका घ्या. ४केचा विचार सोडल्यावर जे पैसे वाचतात ते सगळे इथे घाला.

पण ह्यावर उपाय आहे. ट्यूशनला १०० इंच करूच नका, ६० करा. तोच उजेड एकतृतीयांश जागेत आला की चित्र जवळपास पावणेतीन पट उजळ होतं, आणि ठिपका १.१५ वरून ०.७ मिलिमीटरवर येतो, म्हणजे अक्षरही ठसठशीत. मुलं मात्र पडद्याच्या सात-आठ फुटांच्या आत बसवा आणि अक्षराचं माप २४ च्या खाली जाऊ देऊ नका. हे मेनूतल्या झूमने करायचं नाही बरं का, तो डिजिटल झूम आहे, त्याने चित्र लहान होतं पण उजेड एकवटत नाही आणि ठिपके जातात. प्रोजेक्टर उचलून पुढे आणायचा. दीडच्या थ्रो रेशोचा, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागणारा प्रोजेक्टर असेल तर १०० इंचाला ११ फूट अंतर लागतं आणि ६० इंचाला साडेसहा फूट. म्हणून तुमच्या हॉलमध्ये छताला कायमचा ठोकू नका, चाकाच्या ट्रॉलीवर ठेवा आणि फरशीवर दोन जागी खुणेची टेप लावून ठेवा, दुपारची एक आणि रात्रीची एक. भिंतीला मॅट पांढरा रंग असेल तर पडद्याचा खर्च सध्या नको.

तर माझं मत, यादीतला दुसरा घ्या, पण पट्टीने ठिपके मोजून आणि एएनएसआयचा आकडा बघून. तो ह्या दोन्हींत नापास झाला तर एम. जी. रोडचा एक्सजीए ट्यूशनपुरता घ्या आणि मॅचसाठी थोडं थांबून पैसे साठवा. पहिला कुठल्याच परिस्थितीत नको.

बघायला दुपारी जा, दुकानातले दिवे चालू ठेवायला सांगा. वहिनींना सोबत न्या, त्यांचीच एखादी वर्कशीट पेन ड्राइव्हमध्ये घ्या आणि मागच्या मुलाच्या अंतरावर उभं राहून त्यांनाच वाचू द्या. फुल एचडीवाल्याचं मॉडेल नाव आणि थ्रो रेशो इथे टाकलात तर घेण्याआधी त्याचं पॅनेल आणि तुमच्या हॉलमधलं अंतर तपासून सांगतो.